बांधावरची रिकामी जागा

फार पूर्वी डोंगराच्या कुशीत एक राज्य होतं. तिथल्या मोठ्या तलावाला मातीचा बांध होता आणि तो सांभाळायला वीस राखणदार होते. काम मानाचं. वर्षभराचं धान्य मिळे, राहायला घरही मिळे.

गादीवर नवी राणी आली. तिला प्रश्न विचारायची भारी हौस. एकदा ती बांध पाहायला गेली आणि प्रत्येक राखणदाराला तिने एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला ही नोकरी कशी मिळाली?"

"मामांनी सांगितलं," एक म्हणाला.

"सासऱ्यांनी शब्द टाकला," दुसरा म्हणाला.

विसांपैकी एकोणीस जण राजवाड्यामागच्या एकाच आळीतले निघाले. विसावा त्या आळीचा जावई होता.

राणीने कारभाऱ्यांना विचारलं, "बांधाच्या खालच्या वस्तीतलं कुणीच कसं नाही? बांध फुटला तर पहिलं पाणी त्यांच्याच घरात शिरेल."

"आपण कुणाला अडवत नाही, राणीसाहेब," कारभारी म्हणाले. "तेच येत नाहीत."

का येत नाहीत? राणीला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी साधं लुगडं नेसून ती खालच्या वस्तीत गेली. ओढ्याकाठी ठकू नावाची एक बाई खेकडे धरत होती.

"बाई, तुम्ही बांधावर काम का नाही मागत?" राणीने विचारलं.

ठकू हसली. "मागायचं कुणाकडं? जागा रिकामी झाल्याचं आम्हाला कळतं, ते नवा राखणदार पेढे वाटतो तेव्हा."

थोड्याच दिवसांत एक म्हातारा राखणदार काम सोडून घरी बसला. कारभाऱ्यांनी आपल्या भाच्याचं नाव सुचवलं. मुलगा शिकलेला होता, सालस होता. पण राणी म्हणाली, "आधी साऱ्या राज्यात दवंडी पिटा."

दवंडी पिटली. खालच्या वस्तीतही पिटली. तरी तिथून एकही माणूस आला नाही. कारभारी म्हणाले, "पाहिलंत?"

राणीने दवंडीवाल्याला बोलावलं. "काय ओरडलास, ते जसंच्या तसं सांग."

"बांधावर जागा रिकामी आहे होऽऽ! ज्याला हवी त्याने राजवाड्यातल्या कुणाची तरी ओळख घेऊन यावं होऽऽ!"

"ही ओळखीची अट कुणी घातली?"

"जुनी चाल आहे, राणीसाहेब," कारभारी म्हणाले. "अनोळखी माणसाच्या हाती बांध कसा द्यायचा?"

"मग ओळख आपण करून घेऊ. त्यांना बांधावर नेऊन त्यांचं काम पाहू."

पुन्हा दवंडी पिटली, या वेळी अटीशिवाय. बारा जण आले, त्यांत ठकूही होती. राणी म्हणाली, "या बांधाला कुठे धोका आहे, ते दाखवा."

कारभाऱ्यांच्या भाच्याने दोरीने उंची मोजली, रुंदी मोजली. "बांध भक्कम आहे," तो म्हणाला. इतरांनाही तसंच वाटलं.

ठकू मात्र बांधाच्या पायथ्याशी उतरली. एका ठिकाणी मातीच्या ओल्या गोळ्या पडल्या होत्या. तिथल्या बिळात तिने खांद्यापर्यंत हात घातला आणि वीतभर नांग्यांचा खेकडा बाहेर काढला.

"अशी सात बिळं आहेत," ती म्हणाली. "आतून बांध पोखरलाय. एक जोराचा पाऊस आला, की आमची वस्ती गेली."

राखणदारांनी खणून पाहिलं. आत माणूस बसेल एवढी पोकळी होती. कारभाऱ्यांचा चेहरा उतरला. भाचा मात्र ठकूजवळ गेला आणि म्हणाला, "मावशी, ती ओली माती कशी ओळखायची, मलाही दाखवा."

ठकूला जागा मिळाली. पावसाळ्याआधी बिळं बुजली आणि वस्ती वाचली.

दोन वर्षांनी आणखी एक जागा रिकामी झाली. ठकू राणीकडे आली. "राणीसाहेब, माझ्या बहिणीची सून फार हुशार आहे. तिलाच घ्या ना."

कारभारी मिशीतल्या मिशीत हसले.

राणीने विचारलं, "ठकू, या जागेची बातमी तू वस्तीत किती जणांना सांगितलीस?"

ठकू म्हणाली, "तिला एकटीलाच."

तिचं तिलाच उमगलं. ती हळूच म्हणाली, "दवंडीवाल्याला डोंगरावरच्या पाड्यांवर पाठवा. तिथं दवंडी कधी पोचतच नाही, आमच्यातलंही कुणी जात नाही."

या वेळी चाळीस जण आले. बांधावरच्या परीक्षेत बहिणीची सून चौथी आली आणि जागा पाड्यावरच्या एका मुलीला मिळाली. बहीण ठकूशी महिनाभर बोलली नाही. ठकूलाही वाईट वाटलं. तरी रोज सकाळी त्या मुलीला सोबत घेऊन ती बांधाच्या पायथ्याशी उतरत असे.

तात्पर्य: आपल्या माणसाला चांगली बातमी सांगावीशी वाटणं हा गुन्हा नव्हे, पण ती आपल्या माणसांतच राहिली, तर उघडं दारही इतरांना बंदच असतं.