डिस्कवरचा राखणदार

"पण बाबा, माझं चुकलं तरी कुठं?"

भार्गवने जळकी हार्ड डिस्क सोमगीर बाबांच्या पुढ्यात ठेवली.

तिच्यात बाबांच्या गुरूंचा, दयागीर महाराजांचा आवाज होता. महाराज जाऊन कैक वर्षं झाली. त्यांच्या पदांच्या कॅसेटी भार्गवनेच डिस्कवर उतरवल्या, आणि जीर्ण पोथी सोडतात तशा हळदकुंकू वाहून नदीत सोडल्या. मठात त्याच्याइतकं शिकलेलं कुणी नव्हतं. हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावंही लागत नसे.

"जळली कशी?"

"कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय बिघडला. जास्त व्होल्टेज सोडलं त्यानं."

"पहिल्यांदाच?"



"दिवाळीतही सोडलं होतं," भार्गव म्हणाला. "तेव्हा डिस्क वाचली. तिच्यावर एक बारीकसा डायोड असतो. जादा व्होल्टेज आलं की ते स्वतःवर घेतो. स्वतः जळतो, पण डिस्कला झळ लागू देत नाही. तो जळून बसला म्हणून डिस्क चालेना. मी कापून काढला. लगेच चालू झाली."

"मग नवा बसवलास?"

"त्याच्यावाचून छान चालत होती, बाबा… म्हटलं, बसवू सावकाश."

"आणि पॉवर सप्लाय?"

"तोच… दुसरी प्रतही काढणारच होतो."

बाबांनी डिस्क उचलली. कानाशी धरली. बराच वेळ तशीच धरून बसले.

भार्गवला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या महाराजांची पुण्यतिथी. पहाटे समाधीपुढे त्यांच्याच आवाजातलं पद लागायचं, आणि त्या एका पदावर म्हाताऱ्या बाबांचं सगळं वर्ष निघायचं.

"काही ऐकू येत नाही रे," बाबा म्हणाले.

भार्गवच्या डोळ्यांत पाणी आलं. 

बाबांनी दाराकडे बोट केलं. उंबऱ्याबाहेर एक वीतभर दगड होता, मोत्या कुत्र्याचा. महाराजांवर आलेला नाग त्याने अंगावर घेतला होता. बाबा रोज पहिलं फूल त्या दगडावर वाहत, मग समाधीवर. भार्गव त्यावरून मागे हसलाही होता.

"मोत्या गेला तेव्हा मी तुझ्याएवढा होतो," बाबा म्हणाले. "दुसरं कुत्रं मिळेपर्यंत महाराज रोज त्याच्या राखणीच्या जागेवर झोपले. तिथं, उंबऱ्यात…"

बाबांनी डिस्क त्याच्या हातात परत ठेवली.

"मला वाटायचं, दुःखानं झोपतात."