पहिलं मडकं कोण ठेवणार?

एका जंगलाच्या कडेला कुंभारांची एक वस्ती होती. मडकी घडवावीत ती त्यांनीच, असं सारी पंचक्रोशी म्हणायची. सगळी वस्ती मिळून एकच आवा लावत असे. म्हणजे उघड्यावर मडकी रचायची, भोवती लाकडं लावायची आणि पेटवून द्यायची. त्यात मडक्यांपेक्षा आभाळच जास्त तापायचं आणि लाकूड गाडीगाडीने जळायचं.

जंगल विरळ झालं तेव्हा राजाने निरोप पाठवला, "कमी लाकडात भाजायला शिका. पावसाळ्यापर्यंत आवा बंद झाला नाही, तर वस्ती इथून उठवावी लागेल."

वस्तीचा म्होरक्या हुशार होता. त्याने परगावचे कारागीर आणून एक उंच, बंदिस्त भट्टी बांधून घेतली. थोडक्या लाकडात खणखणीत मडकी भाजून दाखवली. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी जुना आवा पेटवला.

म्होरक्याने समजावलं, मग दम दिला, मग गूळ वाटला. लोकांनी ऐकून घेतलं, गूळ खाल्ला आणि आवाच पेटवला. विचारलं तर कुणी म्हणे, "भट्टीचा धूर डोळ्यांत जातो." कुणी म्हणे, "आमच्या मातीला ती मानवत नाही."

म्होरक्याची बहीण माहेरपणाला आली होती. तिच्यापुढे तो वैतागून म्हणाला, "डोकी फिरलीत यांची. घरंदारं जातील तेव्हा कळेल."

"दादा, तू त्यांना सांगितलंस पुष्कळ. कधी नुसतं बसून बघितलंस का?"

ती स्वतःच आव्याजवळ जाऊन बसली. मडकी तयार होती, लाकडं तयार होती, तरी कुणी हात लावेना. मग वस्तीतले सर्वांत वयस्कर आजोबा काठी टेकत आले. त्यांनी पहिलं मडकं ठेवलं, हात जोडले, आणि मगच बाकीचे कामाला लागले. वाडवडिलांपासूनची ही रीत म्होरक्या जन्मापासून पाहत आला होता, म्हणूनच ती त्याच्या ध्यानात आली नव्हती.

बहिणीने भट्टीकडे पाहिलं. भट्टीचं तोंड उंचावर होतं आणि वर जायला नुसती शिडी. आजोबांना ती चढणं शक्यच नव्हतं. तसं त्यांच्या तोंडावर म्हणायला कुणाची जीभ रेटत नव्हती, म्हणून धुराचं आणि मातीचं निमित्त चाललं होतं.

तिनेही ते चारचौघांत बोलून दाखवलं नाही. "डोक्यावर मडकी घेऊन शिडी चढायची म्हणजे बायकांचे हाल होतात," एवढंच ती म्हणाली, आणि ते काही खोटं नव्हतं. बायका लगेच माती घेऊन आल्या. सगळ्यांनी मिळून भट्टीच्या तोंडापर्यंत लांब, सोपी चढण घातली.

मग ती आजोबांच्या दारात गेली. "आजोबा, भट्टी तयार आहे. पहिलं मडकं ठेवायला चला."

आजोबा काठी टेकत सावकाश वर गेले. त्यांनी मडकं ठेवलं, हात जोडले. पाठोपाठ सारी वस्ती मडकी घेऊन चढली. त्यानंतर आवा पुन्हा पेटला नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर राजाची माणसं आली आणि समाधानाने परत गेली. वस्ती जागची हलली नाही. म्होरक्या आजोबांच्या पाया पडला.

"आजोबा, शिडी चढवत नाही, हे आधीच का नाही सांगितलंत?"

"भट्टी बांधताना तू मला विचारलं नाहीस, बाळा. मला वाटलं, आता माझी गरज उरली नसेल."



तात्पर्य: माणसं नव्या वाटेवर अडली, तर हुकूम सोडण्याआधी ती का अडली ते बघावं. नव्यात आपल्यालाही जागा आहे, एवढं दिसलं की ती आपणहून पाऊल टाकतात.