कोंदणाबाहेरचा हिरा

एका गावच्या सराफ पेठेत एकदा एक वृद्ध रत्नपारखी राहत होते. त्यांच्या पेढीवर खरेदी-विक्री होत नसे. लोक केवळ हिरा दाखवायला येत, त्यांचा शब्द घेत आणि निश्चिंत मनाने परत जात. सगळे त्यांना आबाशेट म्हणत. शैलजा नावाची एक तरुणी त्यांच्याकडे पारख शिकत होती आणि अलीकडे तिचा धीर सुटत चालला होता.

पैलू नीट पडले आहेत की नाहीत, आत डाग आहे का, हे ती भिंगातून झटकन सांगे. आबाशेट मान डोलावत. परंतु रंगाचा प्रश्न आला, की प्रत्येक वेळी तेच. "उलटा ठेव." "उजेड बदल." "आत्ता नको, डोळे दमलेत तुझे." हिरा पांढरा की पिवळसर, एवढे सांगायला इतके सोपस्कार कशाला, असे तिला वाटे. डोळे आहेत ना आपल्याला!

एके दुपारी आबाशेटांच्या ओळखीच्या प्रमिलाबाई तरातरा पायऱ्या चढून आल्या. मागून त्यांची सून केतकी आली.

"आबाशेट, तुम्हीच काय ते सांगा," प्रमिलाबाई बसता बसता म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी एकसारखे दोन हिरे आणले होते. पांढऱ्या सोन्यात दोन अंगठ्या केल्या. एक ही माझ्या बोटात आहे. दुसरी हौसेनं सुनेला दिली. तिला म्हणे ती सैल होते. माहेरी गेली आणि तिथल्या सोनाराकडून पिवळ्या सोन्यात लोलक करून आणला. गेला तेव्हा पाण्यासारखा होता हो हिरा, आला तो तुपासारखा!"

"आई, मी सोनारासमोर बसून होते," केतकी म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत बसवलाय त्यानं."

"तेच म्हणते मी. डोळ्यांदेखत!" प्रमिलाबाई म्हणाल्या. "संध्याकाळी हिच्या वडिलांना बोलावलंय, आबाशेट. चार माणसांत विचारणार आहे, आमचा हिरा कुठं गेला म्हणून. त्याआधी तुमचा शब्द हवा."

केतकीने गळ्यातला लोलक काढून दिला, प्रमिलाबाईंनी बोटातली अंगठी. आबाशेटांनी लोलक आणि अंगठी शैलजापुढे सरकवली.

शैलजाने दोन्ही हिरे शेजारी शेजारी धरले. यात विचार करण्यासारखे काही नव्हतेच. अंगठीतला लख्ख पांढरा होता आणि लोलकातल्यावर स्पष्ट पिवळी झाक होती.

"हा पिवळट आहे," ती म्हणाली.

"ऐकलंस?" प्रमिलाबाई सुनेकडे वळल्या. "ही तर परकी मुलगी आहे. हिला काय पडलंय खोटं बोलायचं?"

केतकीने नुसते शैलजाकडे पाहिले.

"दोन्ही कोंदणातून काढावे लागतील," आबाशेट शांतपणे म्हणाले.

झाले! शैलजाने मनातल्या मनात कपाळावर हात मारला. पण तिच्याआधी प्रमिलाबाईच उसळल्या. "दोन्ही? माझा कशाला? माझ्या हिऱ्यावर कुणी शंका घेतलीय का?"

"नाही घेतली. पण एक उघडा करायचा आणि एक झाकून ठेवायचा, असा निवाडा मला येत नाही, बाई."

प्रमिलाबाईंनी पुटपुटत होकार दिला. शैलजाने सोन्याची पकड सैल करून दोन्ही खडे मोकळे केले. आबाशेटांनी ते गरम पाण्यात साबणाने धुतले आणि मऊ फडक्याने टिपले. मग त्यांनी दिवा मालवला, उत्तरेकडची खिडकी सताड उघडली आणि म्हणाले, "बाई, जरा मागे सरका. तुमची साडी पिवळी आहे."

"आता साडीनं काय केलं तुमचं?"

"शैलजा, तूही ओढणी काढून ठेव."

ओढणी आंब्याच्या रंगाची होती. शैलजाने ती खुंटीवर फेकलीच. "आबा, आता भिंती पण रंगवून घ्यायच्या का?"

"त्या मी आधीच पांढऱ्या करून घेतल्यात," आबाशेट म्हणाले.

त्यांनी पांढरा कागद पसरला. मग दोन्ही खडे तळहातावर घेतले, मूठ मिटली, खुळखुळवली आणि खडे कागदावर उलटे मांडले.

"आबा!" शैलजा ओरडलीच. दोन माणसांचे खडे कधी मिसळू देऊ नयेत, हा पहिला धडा त्यांनीच दिला होता. "काय केलंत हे? आता कुठला कुणाचा, कसं कळायचं?"

"तेच तर विचारायचं आहे. भिंग ठेव खाली. बाई, तुम्हीही या पुढे, साडीवर हे पांढरं फडकं धरा. पाण्यासारखा कुठला, तुपासारखा कुठला? उचला बघू."

प्रमिलाबाई वाकल्या. त्यांचा हात एका खड्याकडे गेला, थांबला, दुसऱ्याकडे वळला आणि तिथेही थांबला. "ही काय चेष्टा लावलीय?" त्या चिडून म्हणाल्या, पण आवाजातला जोर ओसरला होता.

शैलजाही पाहत होती. दोन्ही खडे सारखेच स्वच्छ, सारखेच पांढरे होते. पिवळी झाक कुठेच नव्हती. तिला केतकीकडे बघवेना.

आबाशेट म्हणाले, "चांगल्या हिऱ्याजवळ स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच. जिथे बसवाल तिथला रंग तो घेतो आणि तोच दाखवतो. समोरून पाहावं तर चमक डोळे दिपवते, म्हणून तो उलटा ठेवायचा. शैलजा, तुला पिवळं दिसलं ते खोटं नव्हतं, पण ते हिऱ्याचं नव्हतं, सोन्याचं होतं. आणि बाई, माणूस एका घरातून दुसऱ्या घरी आलं, की आपण त्याच्याकडे बघून चटकन बोलून जातो. त्यात त्याचं स्वतःचं किती असतं आणि आपण धरलेल्या उजेडाचं किती, हे आधी पाहावं लागतं. त्याला वेळ लागतो."

खिडकीतून रस्त्यावरचे आवाज येत राहिले.

"आता हे परत बसवायचे," आबाशेट म्हणाले. "अंगठीत कुठला आणि लोलकात कुठला?"

प्रमिलाबाई बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी सुनेच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिले.

"कुठलाही बसवा कशातही," त्या म्हणाल्या. "पण आधी लोलक करा. हिचे वडील जेवायला यायचेत, तेव्हा तो हिच्या गळ्यात असला पाहिजे."

शैलजाने चिमटा हातात घेतला आणि जो खडा आधी हाताशी आला, तो उचलला.