सर्जेरावाची लेखनकौशल्याची वही

एका गावात एक भोळा लेखक होता. म्हणजे लेखक अजून व्हायचा होता, भोळा मात्र पुरता झालेला होता. नाव सर्जेराव. तालुक्याच्या कॉलेजात बीएला होता आणि लेखनकौशल्याच्या पेपरात दोनदा आपटला होता. तो पेपर हिंगमिरे सर शिकवायचे. सर जे बोलतील ते सर्जेराव वहीत उतरवायचा, त्याखाली दोन रेघा ओढायचा आणि घरी जाऊन समोर दिसेल त्या गोष्टीला लावायचा. समोरची गोष्ट कुठली आहे ते आधी बघायचं असतं, हे काही सरांनी सांगितलं नव्हतं.

घरात त्या वर्षी एकच विषय होता, थोरल्या बहिणीचं, मालनचं लग्न. दोनदा ठरून मोडलं होतं. आईनं देव पाण्यात घातले होते. आता तिसरं स्थळ येणार होतं आणि तेवढं एक सुखरूप पार पडू दे, असं जो तो म्हणत होता. सर्जेराव सगळ्यात जास्त म्हणत होता. त्याचा कॉलेजचा फॉर्मसुद्धा मालननं भरून दिलेला, बहिणीवर त्याचा फार जीव. हीच तर पंचाईत होती.

पहिल्या तासाला सर म्हणाले, एकदम मुद्द्यावर येऊ नये, आधी वातावरण उभं करावं. सर्जेरावानं लिहून घेतलं, दोन रेघा ओढल्या. त्याच दुपारी पाहुणे ठरल्या वेळेच्या आधीच येऊन टेकले. सर्जेरावाचे वडील, आबा, मळ्यात. आईनं सर्जेरावाला पिटाळलं, पळ, बोलावून आण. सर्जेराव धापा टाकत बांधावर पोचला आणि सांगायला लागला की ऊन कलत होतं, बाभळीवर होला घुमत होता, गल्लीत एक तांबडी कोंबडी धूळ उकरत होती. आबांना वाटलं, पोराला ऊन लागलं. त्यांनी त्याला झाडाखाली आडवं केलं, डोक्यावर ओला पंचा टाकला. पंच्याखालून कोंबडी चालूच. पाहुण्यांपर्यंत यायला दीड तास गेला. तोवर पाहुण्यांनी पोह्यांच्या तीन-तीन बशा रिचवल्या होत्या आणि एसटी चुकली म्हणून बसून राहिले होते. बसल्या बसल्या त्यांना मुलगी पसंत पडली. नशीब मालनचं, दुसरं काय.

सर्जेरावानं हे सरांना कौतुकानं सांगितलं. सरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, निरोपाला कसलं रे वातावरण? मुद्दा आधी सांगावा, थोडक्यात सांगावा, ज्याच्यावाचून अडत नाही ते छाटून टाकावं. वही. दोन रेघा.

मग पत्रिका छापायची वेळ आली. आबांनी दोन पानं भरून मजकूर दिला. चुलते, मावसभाऊ, झाडून सगळी भावकी, आणि शेवटी 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी शेंबडी पोरं. चौसष्ट नावं. आमच्याकडं पत्रिकेत नाव नसलं की माणूस पुढची तीन लग्नं त्या घराचं पाणी पीत नाही. सर्जेराव छापखान्यात बसला आणि छाटत सुटला. पाचशे पत्रिका छापून आल्या. त्यावर मजकूर होता, 'मालनचं लग्न आहे. या.'

कधी, कुठं, कुणाशी, ते घरात सगळ्यांना पाठ होतं, त्याच्यावाचून अडत नव्हतं. आबांनी तारीख, मांडव आणि नवरदेव हातानं लिहून काढला. तेवढ्यात बोटं आखडली आणि चौसष्ट नावं राहिली ती राहिलीच. भावकी रुसली. सगळ्यात जास्त रुसले शिदूमामा, आईचे सख्खे भाऊ. म्हणाले, मी येत नाही. आता मामाच नाही तर नवरीला बोहल्यावर आणणार कोण? आई रडायला लागली. मालन नुसती भाकरी थापत राहिली.

सरांनी पुन्हा कपाळाला हात लावला. म्हणाले, अरे, माणसाचं मन राखून लिहावं. कौतुक करावं. आणि नुसती विशेषणं ठोकू नयेत, प्रत्येकाला खरं उदाहरण द्यावं. वही. दोन रेघा. सर्जेरावानं लगेच मामांना पत्र धाडलं.

'शिदूमामा, तुम्ही प्रामाणिक आहात. उदाहरणार्थ, तुम्ही आमची शेळी दोन दिवसांसाठी नेली आणि कातडं न मागता परत पाठवलं. तुम्ही शूर आहात. उदाहरणार्थ, जत्रेत वळू सुटला तेव्हा बाकीचे नुसतेच पळाले, पण झाडावर सगळ्यात उंच तुम्ही होता.'

मामांचा चष्मा फुटलेला. त्यांनी ते पत्र पारावर दुसऱ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. चार दिवसांनी मामा आले. काठी घेऊन आले, पण आले.

पाठ शेकत सर्जेराव सरांकडं गेला. सरांनी या वेळी दोन्ही हात कपाळाला लावले. म्हणाले, सगळंच सांगायचं नसतं रे बाबा. काही वाचकावर सोडावं. शेवट तर वाचकावरच सोडावा. वही. दोन रेघा.

लग्नाच्या दिवशी आईला हौस आली. पोरगं लेखनकौशल्य शिकतंय, तर शेवटचं मंगलाष्टक त्यानंच रचावं आणि त्यानंच म्हणावं. हिंगमिरे सरांना मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं होतं. सर्जेरावानं म्हटलंही झकास. 'कुर्यात सदा मंगलम' म्हणाला, 'शुभ मंगल' म्हणाला आणि हात जोडून खाली बसला.

सगळ्यांच्या मुठीत अक्षता. वाजंत्र्यांचे गाल फुगलेले. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात अवघडायला लागले. मामांनी एका हातानं नवरीला धरलं होतं, दुसऱ्या हातानं ते काठी चाचपत होते. भटजी हळूच म्हणाले, "पुढचं म्हण की."

सर्जेराव म्हणाला, "ते वाचकांवर सोडलंय."

मुहूर्त टळायला आला. मालनच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. शेवटी हिंगमिरे सरच उठले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "सावधान!" बँड दणाणला, अक्षता पडल्या आणि एकदाचं लग्न लागलं. आईनं पदरानं डोळे पुसले.

वर्ष संपत आलं. सरांनी शेवटचा निबंध घातला, 'लेखक म्हणून मी कसा घडलो'. तिसऱ्यांदा आपटून हा पुन्हा वर्गात नको, म्हणून त्यांनी सर्जेरावाला बाजूला घेऊन समजावलं. म्हणाले, मागं वळून बघ, काय काय बिघडलं ते आठव. आणि पहिलं लिहिलेलं कच्चं असतं, त्याचा मोह धरू नये. फाडावं आणि पुन्हा नव्यानं करावं. सर्जेरावानं या वेळी तीन रेघा ओढल्या.

मग तो दोन दिवस मागं वळून बघत बसला. निरोप लांबला होता. पत्रिका आखडली होती. पत्रात जरा जास्तच झालं होतं. मंगलाष्टक अर्धं राहिलं होतं. चारही लेखनं एकाच लग्नाची. एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि त्याला भरूनच आलं. चूक त्याच्या लेखनात नव्हतीच. ते लग्नच कच्चं होतं.

आठवड्यानं तो मालनच्या सासरी हजर झाला, खांद्यावर नव्या छापलेल्या पत्रिकांचा गठ्ठा. पाचशेतल्या चारशे त्यानं वाटेतच वाटल्या होत्या. सासूबाईंना आनंद झाला, त्या चहाचं बघायला उठल्या. सर्जेराव आता मुद्दा आधी सांगायला शिकला होता.

"मावशी, ताईला न्यायला आलोय. हे लग्न फाडलंय. पुढच्या महिन्यात पुन्हा नव्यानं आहे."

सासूबाई होत्या तिथंच खाली बसल्या. मालननं पत्रिका ओढून घेतली. चौसष्टच्या चौसष्ट नावं. सगळ्यात वर, ठळक अक्षरात शिदूमामा. शेंबडी पोरंसुद्धा जिथल्या तिथं. तारीख, मुहूर्त, मांडव, सगळं बिनचूक. तिला एवढ्यातही भावाचं कौतुक वाटलं. मग तिचा चेहरा उतरला. मागं तिचा नवरा येऊन उभा राहिला होता, तोही वाकून वाचायला लागला.

"सर्ज्या," मालन म्हणाली, "नवरदेवाच्या जागी नुसती टिंबं का रे?"

सर्जेराव अभिमानानं हसला.

"शेवट वाचकांवर सोडलाय, ताई."