साळोबाचा बांबू

माणसाने डोंगरावर पायवाट पाडली नव्हती, त्या काळची गोष्ट. साळोबा नावाच्या साळिंदराला दयाळ पक्ष्याच्या गाण्याने वेड लावलं. हे गाणं आपल्या बिळात जसंच्या तसं उतरलं पाहिजे, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने बिळाच्या तोंडाशी पोकळ बांबू लावला, भिंती लिंपल्या, खाली शेवाळ अंथरलं. तरी जिवाला चैन नाही. एवढं करूनही ऐकायला कुणी कसं येत नाही, ही रुखरुख वेगळीच.

शेवटी एका पहाटे त्याने शेजारच्या मुंगसीणबाईला आग्रहाने बोलावलं. ती पोरं घेऊनच आली.

"वहिनी, पोरं बाहेर राहू देत," साळोबा म्हणाला. "आवाज फक्त या एका दगडावर नीट जमतो. तिथे बसा, मान हलवू नका, आणि शेपटी तेवढी आवरा."

मुंगसीण अंग चोरून बसली. दयाळ गाऊ लागला. साळोबा लगेच उठला, बांबू सरकवला, कान लावला, पुन्हा सरकवला. बाहेर झाडाखाली पोरं दयाळाच्या मागोमाग बेसूर ओरडत होती आणि हसून लोळत होती.

गाणं संपताच पोरं धावत आत आली. "आई, ऐकलंस? आज त्याने टिटवीची हुबेहूब नक्कल केली!"

"टिटवीची? कधी?" साळोबा दचकला. मग कपाळाला आठ्या घालून तो पुन्हा बांबूकडे वळला.

"म्हणजे बांबू अजून बोटभर आत हवा."

मुंगसीण तोवर पोरांमागे बाहेर पडली होती.