बूड गेलेली घागर

“...पण बुवा, एक बाजू कापून नेल्यावर माणसानं सरळ चालायचं कसं?”

सोजरा विचारत होती. खालच्या वाडीची. डोक्यावर दोन घागरी घेऊन हात सोडून चालणारी बाई. तोरा असा की बाकीच्या बायका वाट सोडायच्या. जत्रेला महादेवाचं पाणी तिच्याच डोक्यावरून डोंगर चढायचं.

गेल्या साली कॅन्सर झाला. डॉक्टरांनी उजवा स्तन काढला. तेव्हापासून तिचा तोल जातो. खांदा पुढं, पाठ वाकलेली, हात सारखा छातीवरच्या पदराला.

गिरीबुवा झऱ्यावर कावड भरत होते. डोंगरावर एकटेच राहतात, बोलायचा कंटाळा. मी तिथंच पायरीवर बसलो होतो. कुणी ऊठ म्हणालं नाही, म्हणून बसून राहिलो.

“काल घागर घेऊन बघितली. अंगणातच पडली. धाकटी जाऊ म्हणते, यंदा पाणी मी नेते, तुम्ही बसा.”

“बस की मग.”

“बसलेलीच हाय! नवरा पडवीत झोपतो. हळदीकुंकवाला बोलावतात, पण माझ्या शेजारी कुणी टेकत नाही.”



बुवांनी कावडीकडं बोट केलं. “उचल. डाव्या खांद्यावर घे, दुखऱ्या नको.”

कावडीला एकीकडं भरली घागर. दुसरीकडं बूड गेलेली, नुसतीच लटकणारी. बांबूला मधोमध खाच, दोन्ही घागरी धड होत्या तेव्हा बुवांच्या खांद्यानं घासून घासून पडलेली.

सोजरानं खाचेखाली खांदा घातला. कावड कलंडली. पाणी सगळं तिच्या पायांवर.

“ही फुटकी कशाला ठेवलीय? मोडीत घाला. दुसरी आणा.”

“दुसरी नाही.”

“मग ही कावड कसली?”

बुवांनी घागर पुन्हा भरली. खांदा खाचेत नाही घातला; भरल्या घागरीकडं सरकवून घातला. कावड सरळ झाली. थोडं वर चढले, उतरले, कावड तिच्यापुढं ठेवली.

“घे.”

तिनं घेतली. खांदा सरकवला. बांबू हलायला लागला तसा धरायला हात लागला. पदरावरचा हात सुटला. पाठ आपोआप ताठ झाली.

चढली. वाटेत बघायला कुणी नव्हतं. नुसतं घागरीतलं पाणी डुचमळत होतं. मागं बुवा, त्यांच्या मागं धापा टाकत मी.

देवळाच्या उंबऱ्याशी थांबली. घागर भरलेली. डोळेही. पण बाईचा फणकारा काही जाईना.

“टोचतंय हितं. खाच तिकडं मधी राहिली.”

बुवांनी देवळाचं दार उघडलं.

“सांगा की. हितं खाच कुठाय?”

बुवा म्हणाले, “ती मधली तरी मी विकत आणली होती का?”