शिव्यांचा कातळ

पाहुणे, ज्या कातळावर ताटकळत बसून तुम्ही मनातल्या मनात आमचा उद्धार करता आहात, त्याला शिव्यांचा कातळ म्हणतात. मनातल्या मनात नको, मोठ्याने करा. आमच्या सडेवळ गावची रीतच आहे. पऱ्याच्या, म्हणजे या ओढ्याच्या, अलीकडच्या काठाला पाहुण्याने थांबायचे, खणखणीत ओरडायचे आणि पलीकडची बाई हात करील तेव्हाच पाणी ओलांडायचे. किती वेळा सांगू? नियम मी केलेला नाही.

फार मागे खाली बंदरावर पटकी उतरली, असे सांगतात. जुलाब-उलट्यांनी सकाळचा माणूस संध्याकाळी नसे. पण आमचे लोक म्हणजे! मयत झाले की समाचाराला धावायचे, त्याच घरचे पाणी प्यायचे आणि पटकी घेऊन परतायचे. मग त्यांच्या समाचाराला दुसरे तयार! आवडी नावाच्या सुनेची जाऊ अशीच गेली. आवडी सांगून सांगून थकली.

"नाय गेलं तर लोक काय म्हणतील?" सासू म्हणे.

"लोक उरले तर म्हणतील ना, आत्याबाय!"

अशात तिचा सख्खा भाऊ धाकू तिला माहेरी न्यायला आला. शेजाऱ्याच्या तिरडीला खांदा देऊन थेट. आवडी कोयती घेऊन पऱ्याच्या काठी आडवी उभी राहिली.

"अगे, भाव हाय मी तुजा, चोर न्हाय!"

"चोर असतास तर नुसती भांडीच गेली असती. बस तिथंच, त्या कातळावर."

सासूने कपाळ बडवून घेतले. रोग पाण्यातून येईल म्हणून आवडीने पऱ्याचे पाणी गावाला बंद केले. भाऊ त्या कातळावरून धडधाकट उठेपर्यंत अन्न घेणार नाही, असे ग्रामदेवतेला सांगितले. मीठ घातलेली पेज ती कातळापाशी ठेवी आणि मागे फिरे.

धाकूला पटकीने गाठलेच. कातळावरून बहिणीला शिव्या घालणारा त्याचा आवाज थांबला. तेव्हा म्हणे, आवडीच पलीकडून ओरडू लागली, "धाकल्या, तुज्यापरीस तुजा बैल शाणा! ऊठ, पेज कावळ्यानं प्याली बघ!" संतापाने तो कुशीवर वळे, एक शिवी हासडी, एक घोट घेई. आवाज बारीक झाला की ती आणखी डिवची. तिचा घसा बसला, तेव्हा सासू काठावर आली आणि व्याह्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागली. मग सगळा गावच.

धाकू वाचला. सडेवळात पटकी शिरली नाही. पण तो पाणी ओलांडून आला नाही. "असलं पाहुणपण वैऱ्याला नको," म्हणाला आणि पाठ फिरवून गेला, तो कायमचा. आवडीचे माहेर तुटले. पुढे कधीतरी तिच्या कानावर आले, की धाकूच्या गावातही आता पाहुण्याला वेशीवर थांबवतात, आणि थांबवायला धाकू स्वतः उभा असतो. त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली, असे सांगतात.

आजही नुसता नमस्कार करणाऱ्या पाहुण्याला आम्ही गावात घेत नाही. त्याला पेज पाठवतो आणि तो चिडेपर्यंत पलीकडून डिवचत राहतो. तेव्हा उठा डॉक्टरसाहेब, घसा खाकरा. इतके सभ्य राहिलात तर आमच्या बायकांना तुमची काळजी वाटायला लागेल.